सरोवर गोठायच्या आधी

बूच काढलं तरी पाणी आलं नाही.

मी बोटीच्या पोटात पालथा पडलो होतो. इंजिनाच्या ब्लॉकला खालच्या अंगाला एक पितळी बूच असतं. ते काढलं की आतलं पाणी भळाभळा बाहेर यायला पाहिजे. इथं दोन थेंब ठिबकले आणि थांबले. नवख्या माणसाला वाटलं असतं, इंजिन रिकामं झालं. मी तार घेतली, भोकात घालून फिरवली. आत रेती साचली होती. तारेनं ती फुटली तसा गढूळ, गार पाण्याचा लोट माझ्या मनगटावरून बाहीत शिरला.

"आलं का?" वरून पिसाळनं विचारलं.

"आलं," मी म्हणालो.

लान्सनायक दगडू पिसाळ बोट चालवायचा आणि मी, हवालदार रंगनाथ शेलार, इंजिनं बघायचो. या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. लडाखमधल्या एका मोठ्या सरोवरावर आमची तुकडी होती. सरोवराचं नाव सांगायची गरज नाही, फौजेत असलेल्यांना ते समजेल. उन्हाळाभर आमच्या चार बोटी त्या निळ्या पाण्यावर गस्त घालायच्या. या बोटींना पंखा नसतो. बुडाशी जाळी असते, तिच्यातून पंप पाणी आत ओढतो आणि मागून जोरानं फेकतो. त्या फेकण्यानं बोट पळते. त्यातलंच थोडं पाणी इंजिनाभोवती फिरून त्याला थंड ठेवतं.

उन्हाळ्यात हे पाणी इंजिनाला जगवतं आणि हिवाळ्यात तेच त्याला मारतं. ऑक्टोबर सरता सरता सरोवर काठाकडून गोठायला लागतं. इंजिनात वाटीभर पाणी राहिलं तरी रात्रीतून त्याचा बर्फ होतो, फुगतो, आणि हाताच्या पंजाएवढं जाड ओतीव लोखंडाचं बीड तडकून जातं. म्हणून बोटी पाण्याबाहेर काढायच्या, सरोवराचं पाणी खारट म्हणून गोड्या पाण्यानं इंजिन धुवायचं, सगळी बुचं काढून निचरा करायचा आणि मग पिंपातून अँटिफ्रीझ, म्हणजे न गोठणारा द्रव, पाजायचं. ते गुलाबी असतं. इंजिन चालू ठेवून ते आत ओढू द्यायचं. मागच्या नळीतून आधी पांढरं पाणी येतं, मग फिकट, मग पिंपात होतं तसंच गडद गुलाबी. तो रंग आला की इंजिन बंद. आता एप्रिलपर्यंत त्याला काही होत नाही.

ती चौथी आणि शेवटची बोट होती. दुपार व्हायच्या आत तिच्या नळीतून गुलाबी धार पडली. पिसाळनं बॅटरी काढून बंकरात बुखारीशेजारी नेऊन ठेवली. बुखारी म्हणजे आमची रॉकेलची शेगडी, तिच्या उबेत बॅटरी टिकते. मी हात पुसत होतो तेवढ्यात कॅप्टन अय्यप्पा शेडमध्ये आले. कुर्गचा माणूस, वय तिशीच्या आतलं. कधी आवाज चढवायचे नाहीत. त्या दिवशी चेहरा उतरलेला होता.

पलीकडच्या काठावर आमची एक छोटी चौकी होती. हिवाळ्याचं सामान नीट रचलंय की नाही हे बघायला आमचे सुभेदार हिंदुराव काटे चार दिवसांपूर्वी तिकडे गेले होते. जाताना बोटीनं गेले, येताना खिंडीतून गाडीनं येणार होते. खिंडीत बर्फ पडला आणि रस्ता बंद झाला. आता वायरलेसवर निरोप आला होता की सुभेदारसाहेबांच्या छातीत पाणी भरलंय. उंचीवर हे होतं. धडधाकट माणूस संध्याकाळी खोकायला लागतो आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्याच फुप्फुसात बुडतो. त्याला खाली न्यावं लागतं, दुसरा इलाज नाही. हेलिकॉप्टर मागवलं होतं, पण ढग सरोवरावर टेकले होते. पायलट यायला तयार होता, हवा येऊ देत नव्हती. चौकीत ऑक्सिजनचा एक सिलिंडर होता आणि तो संपत आला होता. खाली जायचा उघडा रस्ता आता फक्त आमच्या काठाकडून होता.

"म्हणजे बोट," कॅप्टनसाहेब हिंदीत म्हणाले.

 पिसाळ काठाकडे बघत होता. काठापासून बरंच आतपर्यंत काचेसारखा पातळ बर्फ धरला होता.

त्यांनी पुढचंही स्पष्ट सांगितलं. वरून परवानगी मिळाली होती, पण निर्णय जागेवरच्या माणसानं घ्यायचा होता. बोटी बंद करायची तारीख उलटून गेली होती. मध्येच इंजिन बंद पडलं तर बोटीतली सगळी माणसं जाणार, त्या पाण्यात माणूस चहा प्यायला लागतो तेवढा वेळही टिकत नाही. चालवणाऱ्यावर त्यांचा विश्वास होता. प्रश्न इंजिनाचा होता, आणि इंजिनाचं त्यांना कळत नव्हतं.

"शेलार," ते म्हणाले, "हे इंजिन आता चालेल का? भरवशाचं नाही असं तू म्हणालास तर मी तसं वर कळवीन. तुला पुन्हा कुणी काही विचारणार नाही."

आता मला सुभेदार काट्यांबद्दल सांगायला हवं.

सप्टेंबरात माझ्या गावाहून फोन आला होता. खटाव तालुक्यात आमचं गाव. माझ्या वडलांची, आबांची, पिठाची गिरणी होती, डिझेलच्या इंजिनावर चालणारी. त्या इंजिनाच्या आवाजावरच मी लहानाचा मोठा झालो. त्याला काय दुखतंय हे वडील नुसतं ऐकून सांगायचे, आणि माझे कान त्यांनीच तयार केले. फोनवर चुलतभाऊ म्हणाला, आबांना झटका आलाय, एक बाजू गेलीय, तुझं नाव घेतायत, निघून ये. मी धावत सुभेदारसाहेबांकडे गेलो. सुट्टीची शिफारस त्यांनी करायची होती.

ते म्हणाले, "दोन बोटींची इंजिनं उघडून पडलीत. इंजिनवाला तू एकटा. ती जोड, मग जा."

मी हात जोडले. फौजेत हात जोडत नाहीत, तरी जोडले. ते म्हणाले, "शेलार, माझा नाईलाज आहे," आणि समोरचं जेवण जेवत राहिले. मी रात्रंदिवस एक करून ती इंजिनं जोडली. ती जोडून होण्याआधीच आबा गेले. अग्नी चुलतभावानं दिला. मी पोचू शकत नाही म्हटल्यावर मग सुट्टीवर गेलोच नाही. आबांचं तोंडच दिसणार नव्हतं, मग कशासाठी जायचं? सुभेदारसाहेब एकदा शेडमध्ये आले, माझ्याशेजारी थोडा वेळ उभे राहिले आणि काहीच न बोलता निघून गेले. त्यानंतर त्यांच्याशी माझं बोलणं म्हणजे "जी साहेब" एवढंच.

आणि आता कॅप्टनसाहेब मला विचारत होते, इंजिन चालेल का.

सांगतो ते खरं सांगतो. मला सुभेदारसाहेबांची दया आली नाही. माझ्या डोळ्यांपुढे आबा होते, उजव्या हातानं खाटेची कड धरलेले, मी कधी बघितलंच नाही तसे. "नाही" म्हणणं सोपं होतं. खोटं आहे हे कुणालाही कळलं नसतं. पिसाळला कळलं असतं कदाचित, पण तोही बोलला नसता, त्याला गावी दोन लेकरं होती.

पण इंजिन माझ्यासमोर होतं. आत्ताच मी त्याचा आवाज ऐकला होता. त्यात कुठे खरखर नव्हती, कुठे दम लागत नव्हता. ते चांगलं होतं. मीच चांगलं ठेवलं होतं. माझ्या तोंडून त्याला वाईट म्हणवेना.

"चालेल, साहेब," मी म्हणालो.

"खात्री?"

"इंजिनाची खात्री देतो. बर्फाची नाही."

त्यांनी मान हलवली. कोण जाणार हे त्यांनी विचारलं नाही. पिसाळ बॅटरी आणायला निघाला होता.

बोट पुन्हा पाण्यात ढकलली तेव्हा पहारी घेऊन पोरं पुढे बर्फ फोडत होती. इंजिन पहिल्या फेऱ्यालाच लागलं. मागच्या नळीतून नुकतंच पाजलेलं गुलाबी पाणी सगळं बाहेर पडलं, फुटलेल्या बर्फावर पसरलं, आणि मग साधं पाणी यायला लागलं. पुन्हा भरायला माझ्याकडे एक कॅन शिल्लक होता. कॅप्टनसाहेब स्वतः बोटीत चढले. पिसाळ त्यांना म्हणाला, तुम्ही कशाला येताय? ते म्हणाले, वजनाला.

जाताना फारसा त्रास झाला नाही. मधलं पाणी मोकळं होतं, काळंशार आणि जड. वारा तोंडावर कानशिलात मारल्यासारखा लागत होता. पलीकडच्या काठाला चौकीच्या जवानांनी बर्फ फोडून वाट केली होती. सुभेदारसाहेबांना स्लीपिंग बॅगमध्ये गुंडाळून, फळीवर बांधून त्यांनी आणलं. सोबत जोसेफ नावाचा मेडिकलचा जवान होता, त्याच्या हातात सिलिंडर.

मी त्यांच्याकडे बघितलं. अंगापिंडानं आडवा माणूस, कोल्हापूरकडचा, एके काळी कुस्ती खेळलेला. तोंड निळं पडलं होतं. श्वास घेताना छातीतून आवाज येत होता, हुक्का ओढल्यासारखा गुडगुड. फळी इंजिनाच्या झाकणाला लागूनच ठेवावी लागली, दुसरी जागा नव्हती. म्हणजे माझ्या गुडघ्याशी त्यांचं डोकं.

परतीला निघालो तोवर हवा आणखी उतरली होती. मधल्या पाण्यावरही आता चुरा धरायला लागला होता. दळलेल्या साखरेसारखा तो बर्फ पाण्यावर तरंगत होता. पिसाळ त्याला चुकवून वाट काढत होता, पण थोड्याच वेळात चुकवायला जागा उरली नाही. बोटीचा जोर कमी झाला. इंजिन मोकळं ओरडायला लागलं, आणि तापमानाचा काटा वर चढू लागला.

मला कळलं काय झालंय ते. चुरा जाळीत बसला होता. पंपाला पाणी मिळत नव्हतं, आणि म्हणून इंजिनालाही.

"बंद कर," मी ओरडलो.

पिसाळनं बंद केलं. एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत फक्त तो गुडगुड आवाज. पंपाच्या वर एक झाकण असतं, हात जाईल एवढं. मी ते उघडलं, हातमोजा काढला, बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. पाणी थंड लागलं नाही, भाजल्यासारखं लागलं. बोटांनी बर्फाचा लगदा उकरून बाहेर फेकला. पुन्हा घातला. पुन्हा फेकला. झाकण लावून पिसाळला खूण केली. इंजिन लागलं, बोट सरकली.

थोडं अंतर गेलो असू, पुन्हा तेच. पुन्हा बंद, पुन्हा हात आत. कॅप्टनसाहेब म्हणाले, मी घालतो. मी म्हणालो, आत पंपाच्या पात्याच्या कडा आहेत, कुठे काय आहे ते माझ्या हाताला माहीत आहे. ते खरंच होतं.

किती वेळा थांबलो ते लक्षात नाही. मधली एक वेळ मात्र लक्षात आहे. मी हात बाहेर काढला तेव्हा बोटं मिटेनात. मोजा चढवायचा होता, तर दुसऱ्या हातानं चढवता येईना. तेवढ्यात माझ्या गुडघ्याशी काही हाललं. सुभेदारसाहेबांनी स्लीपिंग बॅगची चेन आतून थोडी उघडली होती. त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझा हात आपल्या काखेत ओढून घेतला. डोळे उघडे होते, मास्कवर वाफ येत होती आणि जात होती. मी हात ओढून घ्यायला बघितलं. त्या अवस्थेतही त्यांची पकड सुटेना.

जोसेफ म्हणाला, राहू द्या, ऊब आहे. मी तसाच वाकून राहिलो. बोटांत जीव यायला लागला तशा मुंग्या आल्या आणि मग अशी कळ आली की डोळ्यांतून पाणी आलं. मग त्यांनी स्वतःच हात सोडला. मी झाकण लावलं.

त्यांनी असं आणखी एकदोनदा केलं. 

आमचा काठ दिसला तेव्हा संध्याकाळची उन्हं ढगाखालून आली होती. ॲम्ब्युलन्स पाण्यापर्यंत आणून ठेवली होती. फळी उचलली, गाडीत घातली, गाडी गेली. कॅप्टनसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तेही गाडीमागून जीपनं गेले.

पिसाळ म्हणाला, "चल, आत. हात शेक."

"इंजिनात पाणी आहे," मी म्हणालो.

"राहू दे की एक बोट. फुटलं तर फुटलं."

"न्हाई फुटू द्यायचं."

त्यानं दोर हातात घेतला. बोट ओढून शेडमध्ये घेतली. माझा उजवा हात कामाचा नव्हता, म्हणून बुचं पिसाळनं काढली आणि तार मी डाव्या हातानं फिरवली. सगळं पाणी निथळू दिलं. एक कॅन अख्ख्या इंजिनाला पुरणार नव्हता. म्हणून नुसतं चालवून न पाजता वरच्या नळ्या सोडवल्या आणि जिथे पाणी अडून राहतं तिथे तिथे हातानं ओतलं, बाळाला औषध पाजावं तसं थोडं थोडं. खालच्या बुचातून गुलाबी थेंब आला तेव्हा बूच बसवलं.

माझ्या दोन बोटांची शेवटची पेरं नंतर काढावी लागली. करंगळी आणि तिच्या शेजारचं. काम अडत नाही.

दहाबारा दिवसांनी मला सुट्टी मिळाली, मागितली नव्हती तरी. लेहला विमानासाठी थांबलो होतो. सुभेदारसाहेब तिथल्याच लष्करी दवाखान्यात आहेत हे मला माहीत होतं. जायचं नाही असं ठरवलं होतं. तरी गेलो. अजूनही मला सांगता येणार नाही का गेलो ते.

ते खाटेवर उशीला टेकून बसले होते. निम्मे झाले होते. माझ्या हाताच्या पट्टीकडे त्यांनी बघितलं, मग खिडकीकडे.

"सुट्टीवर चाललास?"

"जी साहेब."

"बस."

मी उभाच राहिलो. खांद्यावर पिशवी होती. त्यांना बोलताना मध्ये मध्ये थांबावं लागत होतं.

"कॅप्टनसाहेबांनी तुला सांगितलं नसेल," ते म्हणाले. "मी वायरलेसच्या सेटवर त्यांना बोट नको म्हणून सांगितलं होतं. दोन वेळा."

मला वाटलं, बर्फाचं सांगतायत. म्हणालो, "चुरा फार होता, साहेब. बरोबरच होतं तुमचं."

"त्यांना बर्फाचंच कारण दिलं मी." ते थोडा वेळ श्वास घेत राहिले. "पण चौकीत पडल्या पडल्या मला कळत होतं, बोट काढायची म्हटली की ते तुलाच विचारणार. इंजिन चालेल का म्हणून. दुसरा कोण आहे? आणि तू नाही म्हणशील असं मला वाटत होतं. मी तुझ्या जागी असतो तर म्हणालो असतो."

मी खाली बघितलं.

"तू नाही म्हणायला माझी हरकत नव्हती," ते म्हणाले. "पण मी गेल्यावर ते तुझ्याजवळ राहिलं असतं. रोज. जेवताना, झोपताना. तुझ्या वडलांच्या वेळेपासून मला ते माहीत झालंय. म्हटलं, एकाला पुरे."

वॉर्डात कुणीतरी खोकत होतं.  मी त्यांना माफ केलं असं म्हणालो नाही. ते तेव्हाही खरं नव्हतं, आणि आजही पुरतं खरं आहे असं छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. त्यांनीही माफी मागितली नाही.

मी निघायला म्हणून सलाम केला. तेव्हा ते म्हणाले, "शेलार, त्यांचं नाव काय होतं?"

"कुणाचं?"

"तुझ्या वडलांचं. मी तेव्हा विचारलंच नाही."

"धोंडीराम."

"धोंडीराम शेलार," त्यांनी सावकाश म्हटलं. "काय करायचे?"

"गिरणी होती, साहेब. पिठाची."

"मग इंजिनाचं त्यांच्याकडून आलंय."

"जी."

"सांग त्यांच्याविषयी. वेळ आहे ना?"

विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं होतं. मी पिशवी खाली ठेवली, स्टूल ओढलं आणि बसलो. कुठून सुरुवात करावी ते समजेना. आबा गेल्यापासून मी कुणाशीही त्यांच्याबद्दल बोललो नव्हतो. पिसाळशी नाही, फोनवर आईशीसुद्धा नाही. आणि पहिल्यांदा बोलायला बसलो ते या माणसासमोर.

मग मी सांगितलं की आबा इंजिन लावताना जमिनीला हात लावून नमस्कार करायचे. पीठ उडून त्यांच्या भुवया पांढऱ्या व्हायच्या आणि संध्याकाळी आई अंगणात त्यांच्या डोक्यावर पाणी ओतायची. म्हाताऱ्या बायकांचं दळण ते आधी घ्यायचे, रांगेतल्या बाकीच्यांनी कितीही कुरकुर केली तरी. सुभेदारसाहेब डोळे मिटून ऐकत होते. मला वाटलं झोपले, म्हणून मी थांबलो.

"पुढे," ते म्हणाले.